अंगठ्याच्या नखाने घेतलेलं दर्शन

खरं सांगतो, त्या देवळात मी देवासाठी गेलोच नव्हतो, फोटोंसाठी गेलो होतो. साखरेच्या आजारानं उजवा डोळा आधीच नेला होता. डाव्याचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि डॉक्टर कसलीच हमी देत नव्हते. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर लोखंड फिरवून कातणारा मी टर्नर. डोळेच गेले तर माझ्यात उरतं काय? म्हणून वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेलं ते होयसळांच्या काळातलं देऊळ मोबाईलमध्ये भरून आणायचं ठरवलं.

राजाजीनगरच्या आमच्या घरून बसनं चार तास. पोचल्या पोचल्या मी फोटो काढत सुटलो. बायको म्हणाली, "अहो, आधी हात तरी जोडा की!" मी कसला ऐकतोय! दगडी हत्ती, हंस, नर्तकीच्या हातातल्या बांगड्या, सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलत होतं. आत मंडपात गेलो आणि एकदम मनात आलं, खुळ्या, डोळे गेल्यावर हे फोटो बघणार कोण? तिथंच मटकन बसलो आणि रडलो.

झाडणारी एक म्हातारी अक्का जवळ आली. "अण्णा, स्वल्प इल्ली बन्नी," जरा इकडे या, म्हणत तिनं मला उठवून खांबाशी नेलं आणि माझा हात त्यावर ठेवला. "करंट गेला की आम्ही असंच बघतो," ती कानडीत म्हणाली.

मी डोळे मिटले. सवयीनं अंगठ्याचं नख दगडावरून फिरलं आणि अंगावर काटाच आला. बारीक, गोल रेषा! हा खांब कुणीतरी माझ्यासारखाच फिरवून कातला होता, नखानंच तपासला होता. "डोळा फसवेल, नख नाही," हे नव्या कामगारांना मीच सांगायचो, आणि मीच विसरलो होतो. दगडाचा गारवा कोपरापर्यंत चढला, झाडूचा आवाज लांब लांब गेला. माझ्या हाताखाली आणखी एक हात आहे असं वाटत राहिलं. किती वेळ, कोण जाणे. म्हटलं, देवा, डोळा तुझाच. ठेव नाहीतर ने.

अक्काच्या पाया पडलो, तर ती "सरी, सरी," बरं बरं, म्हणत हसली आणि पुन्हा झाडायला लागली.

ऑपरेशन झालं. थोडं दिसतं, थोडं नाही. कारखान्यात आता तयार झालेला माल नखानं तपासून देतो, आणि देवाची कृपा म्हणून रोज हात जोडतो.

परवा बायकोनं मोबाईल चाळत विचारलं, "देवळाचे सगळे फोटो धूसर आलेत हो, काढून टाकू?"

म्हटलं, "टाक. दर्शन झालंय माझं."