मुद्रा आणि मुदी

गेल्या वर्षी चवथीला मी गणपतीची पूजा स्टुलावर बसून केली आणि माटोळीतलं एक तवसं माझ्या कपाळावर आपटलं. (माटोळी म्हणजे देवाच्या वर टांगलेली रानफळांची आरास, आणि तवसं म्हणजे हातभर लांब काकडी. ती टांगताना माणूस जमिनीवर बसणार असं सगळे धरून चालतात.)

स्टूल का, तर खुबे. डिचोलीतल्या एका कचेरीत मी चोवीस वर्षं खुर्ची उबवतोय, त्यामुळे मांडी घातली की माझे गुडघे कानांशी येऊन गप्पा मारायला लागतात. आमच्या लाटंबार्सेच्या घरात पूजेला बसायचा मान थोरल्या मुलाचा. वडील त्या पाटावर दोन-दोन तास बसायचे आणि उठताना जमिनीला हातही लावायचे नाहीत. ते गेल्यावर पाट माझ्याकडे आला. माझं स्टूल आणि कपाळावरचं टेंगूळ पाहून भटजींनी हळूच सुचवलं, की पुढल्या वर्षी धाकट्या भावाला बसवलं तरी चालेल. त्यांना चालेल हो! मला ते फार लागलं. वडिलांची एवढी एकच जागा माझ्या वाट्याला आली होती, आणि ती माझ्या खुब्यांपायी जाणार होती.

मग मी मोबाइलवर एक प्रशिक्षक शोधून काढला. त्याचं म्हणणं, यंत्रं नकोत, वजनं नकोत, स्वतःच्या शरीराचं वजन पुरे. (ते माझ्याकडे भरपूर होतं.) उकिडवं बसायचं, टाचा जमिनीला टेकलेल्या, हात जोडून कोपरांनी गुडघे बाहेर ढकलायचे, आणि शेवटी तो म्हणायचा, ‘आता ही मुद्रा धरून ठेवा.’

आषाढातल्या एका उघडिपीच्या सकाळी मी अंगणात खाली बसलो. मुद्रा झकास जमली. एक मिनिट धरली, दोन मिनिटं धरली, आणि मग ध्यानात आलं, की आता मुद्रेनेच मला धरलंय. पुढे वाकावं तर तोंडावर आपटेन, मागे रेलावं तर चिखल. तेवढ्यात पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. घरोघर पाव घालणारा हा माणूस भारी चौकस.

“कितें जालें, बाब?” त्याने विचारलं.

“मुद्रा,” मी दातओठ खात म्हणालो. श्वास तेवढ्याच शब्दापुरता उरला होता.

“मुदी? मुदी पडली?”

आमच्याकडे अंगठीला मुदी म्हणतात. मी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. पण ‘बसलो, आता उठता येत नाही’ हे या माणसाला सांगायचं, म्हणजे पावाबरोबर घरोघर पोचवायचं! मी मान डोलावली आणि जोडलेल्या हातांत अंगठीचं बोट दडवलं.

पोदेराने भोंगा वाजवून वाडा गोळा केला. सत्तरी उलटलेली शेवंतीमावशी आली, तिच्या दोन जावा आल्या, मागोमाग माझी बायको सुषमा आली. लग्नातली अंगठी म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला. आणि मग त्या सगळ्या बायका, काय सांगू, खाली बसल्या! कोणी प्रशिक्षक नाही की काही नाही. टाचा जमिनीला, गुडघे खांद्यांशी, आणि तशाच खेकड्यासारख्या सरकत, कोणाची सून कुठे नोकरीला लागली ते बोलत, अर्धा तास अंगण चाळत राहिल्या. हात मोकळे ठेवायची सवय नसल्यामुळे शोधता शोधता तणही उपटत होत्या. अंगणात एक चमचा सापडला, सुषमाचं हरवलेलं कानातलं सापडलं. मी मधोमध हात जोडून होतो तसाच होतो. शेवंतीमावशीने सुषमाला समजावलं, की त्याने फार मनाला लावून घेतलंय, देवाला गाऱ्हाणं घालतोय.

शेवटी काकी आली. माझ्या धाकट्या काकांची बायको, वय एकाहत्तर, पायांत वहाण नाही. ती बसल्या बसल्या सरकत माझ्यापाशी आली, माझ्या पायांजवळचं गवत उपटायला लागली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “मुदी तुज्या बोटात आसा. उठूंक जायना, न्हय?”

मी डोळे मिटून होकार दिला. तिने गवताच्या आडून माझ्या बोटातली अंगठी पिळून काढली, चिखलात टाकली आणि हाक दिली, “मेळ्ळी गो!” सगळ्या अंगठीभोवती जमल्या, तेवढ्यात तिने माझ्या काखेत खांदा घालून मला भाताच्या पोत्यासारखं उभं केलं. माझी लाज त्या बाईने झाकली, आणि आजवर कोणाला अवाक्षर सांगितलेलं नाही. (सांगतोय तो मीच.)

दुसऱ्या दिवसापासून काकीने मला शिकवायला घेतलं. मोबाइल बंद. सकाळी उकिडवं बसून तण काढायचं, मग आदोळीवर, म्हणजे आमच्या विळीवर, बसून नारळ खवायचा, जेवायला जमिनीवर. उठताना तिचा एकच हुकूम, “हात टेकचो न्हय.” प्रशिक्षक ज्याला मुद्रा म्हणत होता, त्याला ती नुसतं ‘बसप’ म्हणायची.

चवथीला मी वडिलांच्या पाटावर बसलो. एक तास झाला, दोन झाले, खुबे गप्प होते. तवसं डोक्यावर वीतभर अंतर राखून होतं. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही. मग भटजींनी आरतीला उठायची खूण केली. सगळे उठले. माझ्या दोन्ही पायांना मात्र गाढ झोप लागली होती, आणि हातांत पेटतं निरांजन असल्यामुळे हात टेकायचीही सोय नव्हती. मी दातओठ खाल्ले.

दरवर्षीप्रमाणे आमची माटोळी बघायला आलेला पोदेर दारात उभा होता. त्याने माझं तोंड ओळखलं.

“मुदी पडली परत,” त्याने काळजीने सांगितलं.

पुढच्या क्षणी शेवंतीमावशी खाली, तिच्या जावा खाली, सुषमा खाली, धाकटा भाऊ खाली. काकी तोंडाला पदर लावून हसली आणि तीही बसली. त्या दिवशी आमची आरती सगळ्यांनी उकिडवं बसून, जमीन चाचपत म्हटली.

पाट माझ्याकडेच राहिला. भटजींनी फक्त हळूच सुचवलं, की पुढल्या वर्षी पूजेला बसण्याआधी मी अंगठी काढून कपाटात ठेवावी.