फुटक्या बशांची भिंत

घरात काही फुटलं की आनंदाने उजळून निघणारी बाई अख्ख्या गोव्यात आमच्या आत्याशिवाय दुसरी झाली नसेल. कपाचा कान तुटला तर इतर घरांत पोरांची पाठ सडकली जाई. आत्या पोराच्या हातावर लाडू ठेवी आणि पदरात तुकडे गोळा करी. ती डिचोलीच्या शाळेत चित्रकला शिकवायची, पण रंगांवर तिचा विश्वास नव्हता. "रंग उडतो, चिनीमाती उडत नाही," म्हणायची. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात ती भांडीवाल्याकडे फुटका माल मागायची. परतीच्या बसमध्ये तिची पिशवी उचलताना कंडक्टर म्हणायचा, "बाई, आमच्याकडे खाणी थोड्या आहेत म्हणून म्हापशाहून दगड आणता?" लग्नात तिचं लक्ष पंगतीकडे नसे, खळ्ळकन आवाज कुठून येतो तिकडे असे. एकदा एका व्याह्यांच्या हातून सरबताचा पेला निसटला, तर आत्या सर्वांआधी तिथे पोचली आणि "लागलं नाही ना?" हे तिने काचेला विचारलं, असं आमच्याकडे अजून सांगतात.

गोवा राज्य झालं त्या सुमारास आमच्या गावाला बसथांबा मिळाला आणि त्याच्या भिंतीवर गावाचं चित्र जडवायचं काम आत्याकडे आलं. पंचायतीच्या समितीला माड, समुद्र आणि उगवता सूर्य हवा होता. समुद्र इथून दोन बस बदलल्यावर लागतो, असं आत्याने नम्रपणे सांगितलं. पुढे लक्ष ठेवायला मात्र कोणी फिरकलं नाही, कारण चित्राखालची ओळ मराठीत लिहायची की कोंकणीत, यावर समितीत अशी जुंपली की भिंत सगळे विसरूनच गेले. आत्या परांचीवर चढून निवांत काम करत राहिली.

पडदा काढला तेव्हा थांब्यासमोर सगळा गाव उभा होता. फुटक्या कौलांचा तांबडा डोंगर, खाणीने अर्धा कुरतडलेला. त्याच्या पायथ्याशी तशीच तांबडी नदी. बाटल्यांच्या हिरव्या काचांचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्यात औषधाच्या निळ्या बाटलीचा खंड्या. आणि मधोमध गावची झर. या झरीवर खालच्या वाड्यातल्या बायकांनी लांब उभं राहायचं, वरच्या कोणी कळशीत पाणी ओतलं तर ते घेऊन जायचं, अशी रीत होती. कायदा होता, पण तो झरीपर्यंत आला नव्हता. आत्याच्या चित्रात सर्वांत पुढे, झरीत कळशी बुडवून, खाणीवर मजुरी करणारी खालच्या वाड्यातली शेवंती होती. नाकावरून तिला पोरांनीसुद्धा ओळखलं.

गावचे भाटकार, म्हणजे अर्ध्या गावाचे जमीनमालक, भिंतीच्या अगदी जवळ गेले आणि तिथेच थिजले. "ही निळी वेल आमच्या पणजीच्या बशीवरची," ते म्हणाले. "ती हिच्या तोंडाला लावलीस?"

"तुमच्याकडे फुटली तेव्हा तुम्ही ती उकिरड्यावर टाकलीत," आत्या म्हणाली. "चांगली बशी होती. गालाला शोभली."

भाटकारांनी गवंड्याला हातोडा आणायला सांगितलं. आत्याने चष्मा पुसला.

"फोडा," ती म्हणाली. "मला बारीक तुकडे कमीच पडत होते. पुढच्या खेपेला सगळा खालचा वाडा उभा करते."

गवंडी हातोडा घेऊन उभाच राहिला. जी बाई फुटण्याचीच वाट बघते, तिला फोडण्याची धमकी कशी द्यायची, हे भाटकारांनाही सुचेना. तेवढ्यात शेवंती पुढे आली. काखेत रिकामी कळशी होती. तिने भिंतीवरच्या आपल्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं.

"भिंतीवर भरतंय, मग हंय कित्याक रावूं?" असं म्हणून, कोणी पाणी ओतायची वाट न बघता, ती थेट झरीकडे चालू लागली.

तिच्यामागे खालच्या वाड्यातल्या बायका निघाल्या, त्यांच्यामागे आत्या, आणि मग पुढे काय होतं ते बघायला सगळा गाव. शेवंतीने वाकून कळशी बुडवली. पाणी कळशीत शिरतानाचा बुडबुड आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. भाटकार घरी गेले. त्यानंतर त्या झरीवर कोणी कोणाला थांबवलं नाही.

आता घरोघर नळ आहेत आणि आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या खेपेला गावी उतरलो तर म्हातारी शेवंती थांब्यावर उभी राहून पदराने भिंत पुसत होती. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ आजही बसते.

"काय गे, तोंड पुसतेस?" मी विचारलं.

"न्हय रे पुता," ती म्हणाली. "तुझ्या आतयेचो हात लागलो आसा ना हंय."

मला उतरवून बस कधीच पुढे गेली होती. मी खिशातला रुमाल काढला आणि दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागलो.