चार बोटं वाळू

सर गुडघे टेकून माशांच्या टाकीसमोर बसायचे, नळीनं तळाची चिमूटभर वाळू ओढायचे आणि बोटांवर घेऊन हुंगायचे. मग म्हणायचे, "समुद्राचा वास येतोय. म्हणजे काळजी नाही."

नाशकात, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर समुद्र! काकू, म्हणजे सरांच्या मंडळी, स्वयंपाकघरातून टोमणा मारायच्या, "दारात गोदावरी आहे, पण यांना खारं पाणी लागतं. माझी भाजी हुंगलीत का कधी अशी?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं वेड घेतलेलं माणूस असेल. सर निवृत्त झाल्यावर पेपर वाचायचे नाहीत, टाकी वाचायचे.

मी त्यांच्याकडे धुणं-फरशीला होते. माहेर-सासर दोन्ही गोंदियाकडचं. नवऱ्याला अंबडच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इतक्या लांब आलो. शाळा सातवीतच सुटलेली. हातात गुण एकच, स्वच्छता. कामावरून काढतील या धास्तीनं मी घासलेली भांडीसुद्धा पुन्हा घासायची.

घट बसायच्या आदल्या दिवशी सर आणि काकू पूजेचं सामान आणायला गेले. मी घर लख्ख केलं. उरली फक्त टाकी. काचेतून खालच्या वाळूत काळे डाग दिसत होते. उद्या घट बसणार आणि घरात ही घाण? मी बाही वर सारली, हात घातला आणि तांदूळ धुवावेत तशी वाळू तळापासून चोळली.

सडक्या अंड्यांचा भपकारा आला. पाणी गढूळ झालं. नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे होते, ते वर येऊन तोंड वासू लागले.

तेवढ्यात दार उघडलं. सरांना वासावरूनच सगळं कळलं. "हात काढा, ताई. आधी हात काढा." आवाज चढवला नाही. बाल्कनीत मिठाच्या पाण्याचा ड्रम भरलेला असायचा. त्यातलं पाणी दोन बादल्यांत घेऊन त्यांनी मासे आणि प्रवाळ हलवले, हवेची नळी सोडली. एक मासा वाचला. एक गेला.

"सर, मी उद्यापासून येत नाही," मी म्हणाले.

"येत नाही म्हणजे? मग ही वाळू कोण निस्तरणार? माझे गुडघे बघितलेत का?"

त्यांनी समजावलं. वाळू जिवंत असते. न दिसणारे जीव तिच्यात राहतात आणि माशांची घाण खातात. खाली हवा पोचली नाही की विष साचतं. ढवळलं की ते वर येतं.

त्यांनी काचेवर चिकटपट्ट्या लावून आठ भाग पाडले. दर रविवारी एकच भाग. नळीनं काळी वाळू हळूच ओढायची, ढवळायची नाही. जागेवर नवी घालायची, पण आता दोनच बोटं जाड. वर मूठभर जुनी चांगली वाळू, विरजणासारखी.

पाणी बदलल्यावर उरलेला मासा टाकीत परतला, पण दगडाआड बसून राहिला. धड खाईना. तो गेला तर या घरात मला तोंड दाखवायला जागा नव्हती. तिसऱ्या रविवारी मला राहवेना. "सर, एकदाच काढून टाकू ना सगळी."

"घटातली माती रोज उकरून बघता का, काय उगवलं ते?"

"नाही."

"मग?"

मग काय, नळी धरली. पाठ अवघडायची, पण एकही रविवार चुकवला नाही. सातव्या रविवारी मासा दगडाबाहेर आला आणि सरांच्या चिमटीतलं खाणं घेऊन गेला. काकूंनी भाजी करपू दिली, पण बघायला आल्या.

आठवी पट्टी काढताना सर म्हणाले, "एक सांगायचं राहिलं, ताई. ती काळी वाळू माझी. चार बोटं जाड घातली, वर खाणंही जास्त टाकलं. डाग दिसत होते. मी हिला सांगायचो, सावली आहे. तुम्ही फक्त हात घातलात."

मी वळून फरशी पुसायला लागले. फरशी पुसलेलीच होती.

पुढं त्यांनीच शब्द टाकला आणि एका दातांच्या दवाखान्यातली खाऱ्या पाण्याची नवी टाकी सांभाळायला माझ्याकडे आली.

सर गेले त्याला वर्ष व्हायचंय. टाकी विकत घेणारा यायचा होता, त्या सकाळी काकूंनी बोलावलं. "तुम्हाला काय हवं ते न्या."

"वाटीभर वाळू."

काकू हसल्या, मग डोळे पुसले. "हुंगून घ्या आधी."

टाकीच्याच पाण्यात भिजवून वाळू डब्यात घेतली. झाकण घट्ट लावलं नाही. रिक्षात डबा मांडीवर धरून दवाखान्यात नेला आणि ती वाळू तिथल्या टाकीतल्या वाळूवर पसरली.

परवा तिथले डॉक्टर म्हणाले, "ताई, घट बसायचेत. एकदा वाळू धुऊन काढा."

"हात लावायचा नाही, डॉक्टर," मी म्हणाले. माझाच आवाज मला नवा वाटला.

ते गेल्यावर मी गुडघे टेकले, चिमूटभर वाळू ओढली आणि हुंगली. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पण काळजी नाही.