दुसरा कीपर

खुर्ची दिली तरी तो बसायचा नाही. माझ्या टेबलाशेजारी गवतावर उकिडवा बसायचा, दोन्ही पंजे गुडघ्यांपुढे उघडे ठेवून, आत्ता कुणीतरी चेंडू टाकेल अशा बेतानं. "बसून राहिलो ना वहिनी, की गुडघे जाम होतात," म्हणायचा. चहा उकळेपर्यंत स्वयंपाकघरातही असाच बसतो, असं त्याची बायको सांगायची. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील, कुणी बोलावलं नाही तरी तयारीत असलेली.

इंग्लंडात, लंडनच्या पश्चिमेला स्लाऊजवळच्या कौन्सिलच्या मैदानावर आमची मराठी टीम दर शनिवारी लीग क्रिकेट खेळते. माझा नवरा ओपनिंगला जातो आणि मी पेन्सिलीला टोक काढेपर्यंत परत येतो. स्कोअरबुक मी लिहिते, कारण या अकरा जणांपैकी एकाच्याही बेरजेवर माझा विश्वास नाही. क्लबची सेक्रेटरीही मीच, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही.

टीम काढली ती देशपांडेकाकांनी. पंचावन्न ओलांडलेले, आणि पहिल्या दिवसापासून कीपर तेच. हा गवतावर बसणारा नागपूरहून सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आला तेव्हा पहिले तीन महिने काकांच्याच घरी, वरच्या खोलीत राहिला. काकूंच्या हातचं जेवला, काकांच्या गाडीतून मैदानावर आला. हाही कीपर आहे हे कळल्यावर काका म्हणाले, "उत्तम! माझ्यानंतर तूच." हा खूश. 'माझ्यानंतर' म्हणजे नक्की कधी, ते विचारायचं राहून गेलं.

तसे काका निवृत्त होत नव्हते असं नाही. दर वर्षी व्हायचे. सप्टेंबरात सीझन संपला की आमचं एक जेवण असतं, मसालेभात, श्रीखंड असं सगळं साग्रसंगीत. तिथे काका उठून सांगायचे, गुडघे गेले, आता पुरे. मग आम्ही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचो. काकू डोळे पुसायच्या. काका आपले ग्लोव्हज याच्या हातात द्यायचे आणि टाळ्यांचा कडकडाट. एप्रिलमध्ये पहिल्या प्रॅक्टिसला काका हजर! "बघू दे जरा, थंडीत कडक झाले असतील," म्हणून ग्लोव्हज हातात घालायचे, ते सप्टेंबरपर्यंत काढायचे नाहीत. असं ओळीनं तीन वर्षं झालं. तिसऱ्या खेपेला नारळ घेताना दुकानदारानं मला विचारलं, तुमच्याकडे दर सप्टेंबरात कसली पूजा असते?

काकांना कोण बोलणार? निम्म्या टीमला भाड्याचं घर त्यांनीच बघून दिलेलं. आणि हा तर त्या घरचं मीठ खाल्लेला. कुणी कमी पडलं तर बाउंड्रीवर फिल्डिंग करायचा, नाहीतर माझ्याशेजारी गवतावर. कधी कुरकुर नाही. मीच त्याच्या वतीनं चिडायची, आणि तो म्हणायचा, "असू द्या वहिनी."

एका शनिवारी काका भाचीच्या लग्नाला पुण्याला गेले आणि हा यष्टींमागे उभा राहिला. अहो, काय सांगू! लेग साइडला निसटलेला चेंडू त्यानं कधी घेतला आणि बेल्स कधी उडवल्या, ते बॅट्समनला कळलंच नाही. तो बिचारा क्रीजबाहेर तसाच उभा. मी पेन्सिल टाकून टाळ्या वाजवल्या. स्कोअररनं तसं करायचं नसतं. पुढच्या शनिवारी काका परत आले आणि हा परत गवतावर.

पण त्या दिवशी समोरच्या टीमच्या कॅप्टननं त्याला हेरलं होतं. थेम्सपलीकडच्या एका खेड्यातला क्लब. त्यांचा कीपर नोकरीसाठी एडिनबराला चालला होता. पुढच्या सीझनला ये, दर शनिवारी पहिल्या टीमचा कीपर तूच, असा सरळ निरोप आला.

त्यानं मला विचारलं, "वहिनी, थांबू की जाऊ?"

मी ऐटीत लेक्चर दिलं. काकांचे गुडघे खरंच संपलेत, यंदा नक्की सोडतील. तिकडे त्या गोऱ्यांमध्ये तू मराठीत कुणाशी बोलणार? आणि काकांना काय वाटेल? तो मान हलवत ऐकत होता. माझा नवरा शेजारून म्हणाला, "जा रे बाबा," तर मी त्यालाच गप्प केलं.

आता खरं सांगते. मला काकांची काळजी नव्हती की त्याची. शनिवारभर शेजारी बसून गप्पा मारणारं माणूस मला सोडायचं नव्हतं. शिवाय लागेल तेव्हा हाक मारता येईल असा कीपर कुठल्या क्लबाला मिळतो? ट्रान्सफरच्या फॉर्मवर जुन्या क्लबच्या सेक्रेटरीची सही लागते. तो फॉर्म त्यानं माझ्याकडे देऊन ठेवला होता आणि मी तो क्लबच्या चहाच्या डब्याखाली सारून दिला. पाच आठवडे तिथेच होता. त्यानं एकदाही विचारलं नाही. मला आजही त्याची लाज वाटते.

सप्टेंबरचं जेवण आलं. काका उठले, गुडघे गेले म्हणाले, शाल झाली, श्रीफळ झालं. ग्लोव्हज याच्या हातात पडले आणि मी नवऱ्याकडे असं बघितलं, की बघ, मी म्हटलं नव्हतं? तेवढ्यात श्रीखंडाची वाटी हातात घेता घेता काका त्याला म्हणाले, "कोरड्या जागी ठेव हां. मार्चमध्ये येऊन बघून जाईन."

सगळे हसले. हा हसला नाही. वाकून काकांच्या पाया पडला, आणि ग्लोव्हज त्यांच्या मांडीवर ठेवले.

"काका, मी छत्तीसचा झालो. माझ्याकडे फार तर चार-पाच उन्हाळे आहेत," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "तुम्हाला कीपिंग सोडवत नाही, ते मला कळतं. मलाही नाही सोडवत. म्हणून मी जातो."

काका मांडीवरच्या ग्लोव्हजची बोटं सरळ करत बसले. काकूंनी मात्र त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, तो फॉर्म." मी बाहेर जाऊन गाडीतला चहाचा डबा उचलला आणि तिथेच, डिकीवर कागद ठेवून सही केली. फॉर्मच्या कोपऱ्याला चहाचा डाग पडला होता. त्यानं तो पाहिला, आणि तरीही मला थँक्यू म्हणाला.

पुढच्या मे महिन्यात आमची मॅच त्याच्या नव्या क्लबशीच पडली. यष्टींमागे तो, नव्या टोपीत. आमचे कीपर अजून काकाच, ते सातव्या नंबरला बॅटिंगला गेले. स्पिनरला पुढे येऊन मारायला गेले, चेंडू बॅटला लागला नाही, आणि मागे वळेपर्यंत बेल्स जमिनीवर. वेगळा अंपायर नसला की बॅटिंग करणाऱ्या टीमचीच माणसं आमच्याकडे अंपायर होतात, त्यामुळे स्क्वेअर लेगला माझा नवरा उभा. लवकर आउट झाल्याची शिक्षा. त्यानं डोळे मिटून बोट वर केलं.

काका पॅड न सोडताच माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसले. नजर यष्टींमागे, त्याच्यावरच. मग म्हणाले, "मागे मी असतो तर हा चान्स सुटला असता. गेल्या तीन वर्षांत असे किती सुटले गं?"

स्कोअरबुक माझ्या मांडीवर होतं आणि आकडा मला तोंडपाठ होता. मी म्हटलं, "मोजले नाहीत, काका."

पुढच्या शनिवारी काका अंपायरचा पांढरा कोट घालून आले. भाषण नाही, शाल नाही, ग्लोव्हज क्लबच्या किटबॅगेत टाकलेले. टॉस झाला, आम्हाला फिल्डिंग आली. अकराही जण मैदानावर गेले आणि कॅप्टननं विचारलं, कीपिंग कोण करतंय? सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. नदीपलीकडे त्याच वेळी त्याच्या टीमचीही मॅच सुरू होत होती, आणि तिथे हा प्रश्न कुणाला पडला नसणार.