उजव्या हाताचा कोरडा मोजा

"कोरडा आहे."

"मग बरंच झालं की! ओला झाला तर तूच बोंब मारतेस."

"डावा बघ. चिंब. रक्त, मीठ, सगळं लागलंय. आणि हा उजवा, आजही पहाटे मी दिला तसाच. कुठे होतास, इनुतेक?"

"बर्फावर. सीलच्या श्वासाच्या भोकापाशी. दारातला तो सील काय स्वतः चालत आलाय?"

"सील आलाय, दिसतंय मला. उजवा हात कुठे होता ते विचारतेय."

माझी सासू तुकुमेक शेगडीवरच्या वाळवणाच्या दोरीखाली उभी होती. हातात माझ्या सासऱ्याचा, इनुतेकचा मोजा, दोन्ही अंगठ्यांनी धरलेला, ससा कानांनी धरावा तसा. आमच्या उत्तर ग्रीनलंडात शिकाऱ्याच्या मोज्याला दोन अंगठे शिवतात. तळव्याची बाजू भिजली की मोजा फिरवायचा, दुसऱ्या अंगठ्यात अंगठा सरकवायचा. कोरडं कातडं तळव्याखाली येतं. त्यामुळे दिवसभर राबलेला मोजा दोन्हीकडून भिजूनच घरी येतो. आणि एक मोजा कोरडा आला, तर बायका त्याचा एकच अर्थ काढतात: त्या हातात दुसरीनं शिवलेला मोजा होता.

सासूचं आयुष्य त्या दोन हातांभोवतीच गेलंय. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं तिला रांधता येतं का हे विचारलं नाही, टाका पाहिला. सीलचं कातडं मऊ करायला चावून चावून तिचे पुढचे दात हिरड्यांना टेकलेत. मोज्यात आतून सशाची फर, तळाशी वाळलं गवत, तेही रोज बदललेलं. पहाटे ती मोजे स्वतःच्या पोटाशी धरून गरम करते, मगच नवऱ्याला देते. "मोज्यानं हात गरम करायचा, हातानं मोजा नाही," असं मला ऐकवते, कारण मी आवाताकला त्याचे मोजे सरळ दोरीवरून ओढून देते. आवाताक तिचा मुलगा. माझा नवरा.

दुसऱ्या दिवशी बापलेक वॉलरसच्या, त्या सुळेवाल्या दांडग्या समुद्री जनावराच्या, शिकारीला निघणार होते. तिथला बर्फ नवा, पातळ, पावलाखाली वाकणारा. आवाताक भाला मारणार आणि सासरा भाल्याला बांधलेला दोर सांभाळणार. भाला लागला की जनावर बुडी मारतं, दोर सरसर सुटतो. तेवढ्यात मोजा काढायचा, उघड्या बोटांनी दोराचा फास काठीत अडकवायचा आणि काठी बर्फात रोवायची. फास निसटला तर भालेवाला दोरात गुंतून पाण्याखाली जातो. हे सगळं घरात सगळ्यांना माहीत होतं.

सासूच्या डोक्यात वॉलरस नव्हताच. रेगीना होती.

पलीकडच्या लाल घरातली ही रेगीना विधवा. शिवण सुरेख आणि हसणं मोठं, म्हणजे संशयाला लागणारं सगळं सामान तिच्याकडे तयार. उजवा मोजा गेले काही दिवस असाच कोरडा येत होता, म्हणून त्या दुपारी, सासरा बर्फावर असताना, सासू मला घेऊन तिच्याकडे कॉफीला गेली. कॉफी राहिली बाजूला, ही मान वर करून तिच्या वाळवणाच्या दोरीकडे बघत बसली.

"काय शोधतेस, तुकुमेक?" रेगीनानं विचारलं.

"काही नाही. मोजे छान शिवतेस हल्ली."

"भावाचे आहेत. हवं तर चड्ड्याही मोजून जा, त्या मागच्या दोरीवर आहेत."

परत येताना सासू म्हणाली, "बघितलंस? लाजली सुद्धा नाही."

"लाजण्यासारखं काही नसेल," मी म्हटलं.

"तू लहान आहेस."

आणि आता सासरा समोर बसला होता, उजवा हात मांडीखाली दाबून. मी उकडलेलं मांस पुढे ठेवलं. त्यानं सुरीला हात लावला नाही.

"खाऊन आलोय."

"कुणाकडे?" सासू लगेच.

"स्लेजवर खाल्लं! गोठलेलं! कुत्र्यांना विचार!"

"कुत्रे तुझेच. तुझीच बाजू घेणार."

मला हसू आलं, पण अर्धंच. कॉफीचा कप त्यानं डाव्या हातानं उचलला होता. काल स्लेजचे दोर सोडताना त्यानं माझ्या नवऱ्याला हाक मारली होती, "तू सोड रे, माझी पाठ धरलीये." पाठ धरलेला माणूस दारातून सील ओढत आणतो? मीही आता त्याच्याकडे सासूच्या नजरेनं बघायला लागले. फक्त मला रेगीना दिसेना.

सासूनं त्याचा उजवा हात मांडीखालून ओढून काढला. "हुंगू दे. दुसरीचं कातडं मला वासावरून कळतं."

"हुंग! खुशाल हुंग! या वयात रेगीना मला कशाला घेईल? तिला काय आंधळा कुत्रा हवाय का? म्हणे कोरडा मोजा! हात अंगरख्यात होता, पोटाशी. गार लागत होतं, बस!"

सासू हुंगत नव्हती. तिनं तळवा दाबला, मग एकेक बोट. तिचा चेहरा बदलत गेला. छातीवर खोचलेली सुई तिनं काढली आणि त्याच्या मधल्या बोटाच्या टोकात टोचली.

तो बोलतच होता. "आणि तू आज तिच्याकडे गेलीस, ते आता गावभर—"

बोटावर रक्ताचा थेंब आला. तो अजून बोलत होता. मग त्यानं आमची तोंडं पाहिली आणि खाली बघितलं.

"कधीपासून?" सासूनं विचारलं.

"अंधाराच्या महिन्यात, सूर्य उगवत नव्हता तेव्हा. कुत्र्यांच्या दोरांचा गुंता झाला होता. मोज्यानं सुटेना, म्हणून मोजे काढले. जरासाच वेळ." त्यानं हात परत मांडीखाली घातला. "येईल जीव. येतोय. अंगठ्याला कळतं."

"आणि मी मूर्ख, त्या बाईच्या दोऱ्या तपासत फिरले!"

"रेगीनाच असती तर बरं झालं असतं, नाही?"

"हो!" सासू ओरडली. "हजारदा बरं झालं असतं! दोन दिवस तुला उपाशी ठेवलं असतं नि मिटलं असतं. आवाताकला का नाही सांगितलंस?"

"तो दुसऱ्याला घेऊन जाईल."

"जाऊ दे ना!"

"मग मी काय करू? तुझ्याशेजारी बसून कातडं चावू?"

बाहेर आवाताक कुत्र्यांवर ओरडत होता, उद्यासाठी स्लेज बांधत होता. शीळ घालत होता. त्याचा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, उद्या दोर कोण धरणार?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सासूनं त्याच्याकडे. प्रश्न आता तिचाही होता.

तो उठला. अंगरखा डोक्यावरून चढवला, उजव्या बाहीत हात घालायला वेळ लागला, आणि कुणी मदत केली नाही. "सांगतो त्याला," म्हणाला आणि दार उघडून शीळ येत होती त्या दिशेला निघून गेला.