माडीवरच्या पाद्रीसाहेबांचं प्रस्थान

जगात प्रवास करणारी माणसं पुष्कळ असतात, पण आमच्या माडीवर राहणाऱ्या पाद्रीसाहेबांइतका निघालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते सदैव निघालेले असत. पोचण्याशी त्यांचा फारसा संबंध नसे. तंजावूरच्या बाजारात वांगी आणायला गेले तर दुपारी कंदिलाची काच घेऊन परतत. सकाळी मोपेडवरून पापनाशमला म्हणून जात आणि जेवणाच्या वेळी त्यांचा कुंभकोणमहून फोन येई की आपण इथे एका बारशाला आलो आहोत. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होतं, शेजारी थांबलेल्या गृहस्थाच्या नातवाचं बारसं होतं, फाटक उघडल्यावर दोघे बरोबरच निघाले, यात वेगळं असं साहेबांना काही वाटत नसे. "कार्यक्रमात थोडा बदल झाला," एवढंच ते सांगत. त्यांच्या पत्नीला आम्ही बाई म्हणत असू. बाई मग स्वतःच बाजारात जाऊन वांगी आणत, त्यातली चार आमच्या आईला देत आणि म्हणत, "आक्का, लग्न झाल्यापासून माझं सामान अर्धं बांधलेलंच आहे. सोडायची सवय ठेवली नाही, म्हणजे पुन्हा बांधावं लागत नाही."

दोघे मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. पापनाशमच्या पलीकडच्या एका खेड्यात शिवणवर्ग आणि बालवाडी चालवायला मिशनने त्यांना धाडलं होतं. खेड्यात जागा मिळेना, म्हणून ते दलालाबरोबर आमची माडी बघायला आले. आमचं घराणं मराठी राज्याबरोबर इकडे आलं आणि राज्य गेल्यावर परत जायचं राहून गेलं. घरात मराठी आणि बाहेर तमिळ असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं, पण माझ्यापर्यंत येताना घरातही तमिळच झालं. अप्पा गेल्यावर मराठी बोलणारी आई एकटी उरली. ती मराठीत विचारायची, मी तमिळमध्ये उत्तर द्यायचो, आणि दोघांनाही त्यात काही खुपत नाही अशी माझी समजूत होती. तर त्या दिवशी आईने दलालाला तमिळमध्ये सांगितलं की जागा द्यायची नाही, आणि मग नेहमीसारखी स्वतःशीच पुटपुटली, "माणूस बरा दिसतोय, पण अंगावर येवढी धूळ कां घेऊन फिरतोय कोण जाणे." त्यावर साहेब मराठीत म्हणाले, "मोपेडला मडगार्ड नाही हो." आई खांबाला धरून उभीच राहिली. मग तिने आत जाऊन कापी, म्हणजे आमच्याकडची कॉफी, आणली, माडीच्या किल्ल्या आणल्या आणि दलालाला जायला सांगितलं. वर मांसमच्छी शिजवायची नाही एवढी एकच अट तिने घातली. साहेबांनी ती अक्षरशः पाळली. सुकट खायला ते पापनाशमला जात.

तेव्हापासून रोज सकाळी आई जिन्याखाली उभी राहून "बाई, कापी झाली, खाली या हो!" अशी हाक मारी, आणि वरून "आले, आले!" असं उत्तर येई. त्यानंतर तासभर दोघी मराठीत जगाची झाडाझडती घेत. साहेब त्या वेळात मला देवनागरी शिकवत. या लिखाणात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या, तर त्या त्यांच्या नावावर टाकाव्यात. कारण 'ऊ' शिकवता शिकवता त्यांच्या कार्यक्रमात बदल झाला होता.

मग ते प्रवासाचं वर्ष आलं. मिशनचा रिवाज असा होता की, काही वर्षं काम झालं की एक वर्ष फिरायचं, मदत पाठवणाऱ्या मंडळींच्या घरी जायचं, कामाची हकिगत सांगायची, आणि त्या मंडळींचा उत्साह पाहून पुढचं ठरायचं. उत्साह टिकला तर दोघे तंजावुरात राहणार, नाहीतर नगरला परत. हे ऐकल्यापासून आईचं मराठी बोलणं दुप्पट झालं. जणू साठवूनच ठेवत होती.

निघायच्या दिवशी गाडीची वेळ धरून घर सोडायचं, तर नेमका राहुकाळ येत होता. साहेब म्हणाले, आपला त्यावर विश्वास नाही. आई म्हणाली, "तुमचा नसू दे, माझा आहे नव्हे? घर माझं आहे." यावर तोड म्हणून तिने प्रस्थान ठेवायचं सुचवलं. आमच्याकडे अजून ही रीत आहे. चांगल्या वेळेला आपलं एखादं सामान शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, की प्रवास सुरू झाला. मग माणूस केव्हाही निघो. मात्र ठेवलेलं सामान परत घरात न्यायचं नाही आणि दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. ज्याचा प्रवास, त्यानेच ते उचलायचं. साहेबांनी बराच विचार केला, घरमालकिणीचं मन राखण्यात पाप नाही असं ठरवलं, आणि हाताला लागली ती रेक्झिनची तपकिरी बॅग खाली आणून आमच्या पुढच्या खोलीत खांबाशी ठेवली. पुढे घाईगर्दीत रिक्षा आली, रडारड झाली, दोघे गेले. बॅग खांबाशीच राहिली.

पुण्याहून फोन आला. बॅगेत स्लाइड्स होत्या. बालवाडी, शिवणवर्ग, कालव्याकाठची मुलं, दाखवायचं म्हणून जे जे होतं ते सगळं त्या बॅगेत होतं. कुणाबरोबर तरी पाठवून द्या, असं साहेब ओरडून सांगत होते. "अय्यो, ती कशी पाठवू?" आई म्हणाली. "ती निघालेली आहे. तुम्ही येऊन न्या." पाद्रीसाहेब पुण्याहून तंजावूरला आले. आईने त्यांना माडी चढू दिली नाही, कां म्हटलं तर निघालेल्या माणसाने घरात परत शिरू नये. आपल्याच घराच्या खाली, आमच्या खोलीत चटईवर झोपून साहेब दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन गेले.

पुढचं वर्षभर हेच चाललं. मिरजेच्या मंडळींकडे जायचं तर ती मुलाकडे बंगळूरला गेलेली असत. बंगळूरला जायचं तर मुलाने नोकरी बदललेली असे. त्या दिवसांत सगळ्यांचीच मुलं नोकऱ्या बदलत होती. मिरजेहून बंगळूरला जाताना वाटेत तंजावूर लागतं, हे मला तेव्हा प्रथम कळलं. दर खेपेला दोघे खालीच मुक्काम करत, दर खेपेला आई पंचांग पाहून प्रस्थान ठेवायला लावी, आणि साहेब न चुकता ती बॅग विसरत. बाई एकदा म्हणाल्या, "विसरतात कसले! यांना परत यायला कारण लागतं." साहेब छताकडे पाहत राहिले.

या सगळ्यात मदतगार मंडळींना कामाचं चित्र एकदाही दिसलं नाही. बाईंनी सांगितलं, की पुण्यात एका दिवाणखान्यात नवा रंगीत टीव्ही होता. यजमानांनी साहेबांच्या मानासाठी त्याचा आवाज बंद केला, पण चित्र चालू ठेवलं. साहेबांजवळ स्लाइड्स नाहीत. तेव्हा त्या का नाहीत हे सांगता सांगता त्यांनी प्रस्थानाची गोष्ट सांगितली. मग आमची आई, तिचं जुन्या वळणाचं मराठी, तिची कापी. यजमानीणबाईंनी उठून टीव्ही बंद केला. पुढे प्रत्येक घरी हीच मागणी होऊ लागली. मंडळींचा उत्साह अपार वाढला, फक्त तो कामाऐवजी आईबद्दल होता. साहेब येताना तिच्यासाठी गोडा मसाला, शेंगदाण्याची चटणी, खणाचे तुकडे असं काय काय घेऊन येत. बालवाडीसाठी कुणी खडूसुद्धा दिला नाही.

तिकडे शिवणवर्ग इतका यशस्वी झाला की बंद पडला. शिकलेल्या मुली तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यांत लागल्या. बालवाडी गावातल्याच बायकांनी चालवायला घेतली आणि ती आधीपेक्षा वेळेवर भरू लागली. मिशनने आनंदाने कळवलं, काम पूर्ण झालं, आता नगरला या. कार्यक्रमातला हा एकच बदल साहेबांनी केलेला नव्हता.

प्रवासाचं वर्ष संपलं होतं, म्हणून सामान बांधायला आईने दोघांना पुन्हा माडीवर जाऊ दिलं. शेवटच्या दिवशी तिने पंचांग काढलं नाही. सकाळपासून ती स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. मी वर्तमानपत्र धरून बसलो होतो. तेवढ्यात साहेब जिना उतरून आले. हातात तीच तपकिरी बॅग. ती खांबाशी ठेवून त्यांनी आत हाक मारली, "आक्का, वेळ बरी आहे ना? प्रस्थान ठेवतोय."

आई दाराशी आली. "कसलं प्रस्थान? रिक्षा तर बोलावली आहे. जाताना न्या आता, विसरू नका."

"हे जायचं नाही," साहेब म्हणाले. "परत यायचं आहे."

आईने पदर तोंडाला लावला आणि "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. बाई तिला बिलगून रडल्या. मलाही राहवलं नाही. रिक्षा वळेपर्यंत साहेब मागे बघत होते, पण बॅग राहिली असं ओरडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सवयीने जिन्याखाली गेली. "बाई, कापी झाली, खाली या हो!" माडी रिकामी होती. आई तिथेच उभी राहिली, वर बघत. मला ते बघवेना.

"आलो, आलो," मी मराठीत म्हणालो.

आईने वळून माझ्याकडे पाहिलं. दोन पेल्यांत कापी ओतली, एक माझ्यासमोर ठेवला आणि माझ्या शेजारी बसून बाईंना सांगायच्या राहिलेल्या गोष्टी मला सांगायला लागली. माझे शब्द अडत होते, ती पुरवत होती.

बॅग अजून खांबाशी आहे. दर पोंगलला नगरहून फोन येतो, यंदा नक्की येतो म्हणून, आणि चार दिवसांनी पुन्हा येतो की कार्यक्रमात थोडा बदल आहे. आईला त्याचं वाईट वाटत नाही. "बदल कळवला म्हणजे निघाले आहेत," ती म्हणते, आणि मला बॅगेपासून पाय जरा बाजूला घ्यायला सांगते.