संत्र्याचा नेम

आभाळातून काहीही उडत गेलं की हवालदार एक डोळा मिटून त्यावर अंगठा धरायचे आणि निकाल द्यायचे. कावळा, "मेला." घार, "वाचली." मी मोर्शीच्या शाळेत नवा मास्तर म्हणून आलो, तेव्हा हॉटेलात त्यांनी माझ्या टोपीवरच अंगठा धरला. "मास्तर, तुमी वाचले," म्हणाले. सगळं हॉटेल हसलं.

ब्रह्मदेशाच्या लढाईत ते विमानं पाडायच्या तोफेवर होते म्हणे. आता संत्र्याची बाग होती आणि शत्रू पोपट. मचाणावर गोफण घेऊन बसत. "पाखरू आलं त्याच वाटेनं जाते मास्तर. तेवढी वाट धरून बसा."

त्यांचा एकुलता एक मुलगा दिनू लष्करात हेलिकॉप्टरवर मेकॅनिक झाला आणि म्हाताऱ्याची झोप उडाली. "उतरताना त्या यंत्राले पोपटाएवढीबी घाई नसते. उद्या कोनी खांद्यावर नळी ठेवून खालून उडवलं त? माहा पोरगा आत रायते ना!" लोक खो खो हसत. खरं सांगतो, मीही हसायचो.

पासष्टच्या लढाईनंतर एकदा लष्कराचं हेलिकॉप्टर आमच्या मैदानात उतरलं, लोकांना दाखवायला. अख्खी मोर्शी लोटली. हवालदारांनी कॅप्टनला गाठून तोच प्रश्न विचारला. कॅप्टन पुण्याकडचा, हसून म्हणाला, "आजोबा, वरून खालचा एकटा माणूस आम्हाला दिसतसुद्धा नाही."

"मंग?" एवढंच म्हणून हवालदार गर्दीतून निघून गेले.

तासाभरानं हेलिकॉप्टर उडालं, आलं होतं त्याच वाटेनं, हवालदारांच्या बागेवरून, हळूहळू. आणि लगेच वळून परत मैदानात उतरलं. दारावर एक पिकलेलं संत्रं फुटलं होतं, रस ओघळत होता. फौजदारानं हवालदारांना गोफणीसकट धरून आणलं. आता म्हातारा आत जातो, या भीतीनं मी गर्दीतून पुढे घुसलो.

"अहो, कुणाचा जीव गेला असता!" कॅप्टन कडाडला.

"म्हनून त पिकलेलं निवडलं सायब. दुसरा कोनी संत्रं नाही मारनार. माहा दिनू असल्याच यंत्रात बसते. आले त्याच वाटेनं काहून गेले तुमी?"

"मोर्शीचा दिनू? तो तर माझ्याच तुकडीत आहे," कॅप्टन म्हणाला. मग दारावरचा रस बोटानं पुसून चाटला. "गोड आहे. फौजदार, सोडा यांना."

दोन महिन्यांनी दिनूचं पत्र आलं, मीच वाचून दाखवलं. 'आता आलेल्या वाटेनं परत जायचं नाही, असा साहेबांचा हुकूम आहे. त्याला ते मोर्शीचा नियम म्हणतात.' हवालदारांनी तेवढी ओळ माझ्याकडून चार वेळा वाचून घेतली. पुढच्या हिवाळ्यात ते गेले.

खूप वर्षांनी पेपरात बातमी आली. कुठल्याशा परदेशी लढाईत एका माणसानं खांद्यावरून क्षेपणास्त्र सोडून हेलिकॉप्टर पाडलं होतं. मी पेपर घेऊन तडक बागेत गेलो. पेन्शनीत निघालेला दिनू मचाणावर बसून पोपट हाकलत होता. केस पिकले होते, पण होता धडधाकट. "काय झालं मास्तर?" त्यानं वरून विचारलं.

मी एक डोळा मिटला आणि त्याच्यावर अंगठा धरला. "वाचलास लेका," म्हणालो, आणि मला रडूच कोसळलं.